ताईची लाल गाडी, बोअरचं पाणी आणि माझे सेकंडचे टॉवेल

सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात ताईचा फोन आला. गाडी बदलायचा विचार चालला होता. जुन्या गाडीची किंमत करायला एक जण येऊन गेला आणि जाताना म्हणाला, "इंजिन ठीक आहे मॅडम, पण रंग मेलाय. सगळी गाडी रंगवायला लागणार, ते धरूनच किंमत सांगतो." किंमत कमी सांगितली त्याचं ताईला फारसं वाटलं नाही. 'मेलाय' हा शब्द मात्र तिला लागला.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जुळे सोलापुरातून विजापूर रोडने मंद्रूपच्या पुढे तिचं रोजचं जाणं-येणं. २०१७ची ही लाल हॅचबॅक तिनं २०१९ मध्ये जुनीच घेतली, स्वतःच्या पगारातून, आणि गाडी चालवायला ती वयाच्या ४२व्या वर्षी शिकली. तोवर एसटी आणि वडाप. त्यामुळे ह्या गाडीवर तिचा जीव आहे. मी तिला म्हटलं, विकायचं नंतर ठरव, आधी मला दोन रविवार दे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात रंगाई खात्यात काम करतो. गाड्यांचा धंदा माझा नाही. पण सहा-सात वर्षं झाली, स्वतःची आणि मित्रांच्या गाड्या घरीच पॉलिश करतोय. आजवर केलेल्या गाड्यांत ह्याच गाडीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून लिहून काढतोय.

काय दिसलं

सकाळी आठचं तिरपं ऊन बॉनेटवर पडलं होतं. सूर्याचं प्रतिबिंब जिथे दिसतं त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा. डोकं हलवलं की जाळं सोबत हलायचं. प्रत्यक्षात रेघा गोल नसतात, सगळ्या दिशांना आडव्यातिडव्या असतात. उजेडाला काटकोनात असलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल भासतात. बॉनेट, टप आणि डिकीवर पांढरट कडा असलेले थेंबांचे ठसे होते, काही चवलीएवढे, काही मोहरीएवढे. हात फिरवला तर चांगला लागत होता, पण पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून फिरवली की बोटांखाली बारीक रव्यासारखी खरखर. पिशवीचा हा उपाय जरूर करून बघा. उघड्या त्वचेला जे कळत नाही ते पिशवीतून लगेच कळतं.

टपावर पक्ष्यांच्या विष्ठेनं खाल्लेले तीन डाग होते. शाळेत गाडी कडुलिंबाखाली उभी असते. सावली मिळते आणि पक्षीही असतात. डाव्या पुढच्या मडगार्डावर एक लांब ओरखडा होता, त्यात नख अडकत होतं आणि एका ठिकाणी आतला राखाडी प्रायमर दिसत होता.

जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागून आणलं होतं. हे यंत्र लोखंडी पत्र्यावर चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही. टपावर १०४ ते ११० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बॉनेटवर १०६ ते ११२, उजवी बाजू तशीच. डाव्या मागच्या दारावर २३५. दाराच्या खालच्या कोपऱ्यात ६०० च्या वर.

"दाजी, ह्या दाराला कधी लागलं होतं का?"

दाजी जवळ आले, चष्मा वर करून आकडा बघितला. "आपल्या हातून तर नाही. घेताना तो माणूस म्हणाला होता, एकही पॅनल पुन्हा रंगवलेलं नाही म्हणून."

६०० म्हणजे खाली पुट्टी, पोचा भरून काढायचा लेप. ताईनं आमचं बोलणं ऐकलं होतं. ती काही बोलली नाही, दाराच्या त्या कोपऱ्यावरून एकदा हात फिरवला आणि चहा टाकायला वर गेली.

आकड्यांचा अर्थ

कारखान्यातून निघालेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात. तळाला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक लाखेसारखा क्लिअर कोट. हा वरचा थर ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास. गाडीची चकाकी ह्या थराची असते. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही ह्याच थरात असतात. पॉलिश करणं म्हणजे हा थर वरून थोडा खरवडणं, दुसरं काही नाही. रेघ जितकी खोल तितकं तिच्या आजूबाजूचं सगळं खाली आणायचं, मग रेघ दिसेनाशी होते. एकदा खरवडलेला थर परत येत नाही, आणि सोलापूरच्या उन्हात तो पातळ झालेला गाडीला परवडत नाही. फिकट पडलेले, पापुद्रे सुटलेले टप आपल्याकडे रस्त्यावर किती दिसतात ते मोजून बघा.

म्हणून कामाला हात घालण्याआधी मला दोन गोष्टी ठरवायच्या होत्या: किती काढायचं, आणि हे सगळं झालं कशानं. दुसरीचं उत्तर नसेल तर पहिलीला अर्थ नाही. सहा महिन्यांत पुन्हा तीच जाळी येणार, पुन्हा खरवडणार, असं किती वेळा करणार?

झालं कशानं

डागांचं कोडं सोपं होतं. जुळे सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. उजनीचं ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला. गाडी, कुंड्या, फरशी सगळं बोअरवर. ताई शाळेतून साडेपाचला येते, दाजी लगेच पाइप लावून गाडीवर पाणी मारतात. उन्हात तापलेला पत्रा, त्यावर बोअरचं पाणी, पुसायचं कुणी नाही.

मी बोअरचं पाणी बाटलीत भरून खात्यात नेलं. रंगाईत पाण्याचा कठीणपणा रोज तपासावा लागतो. पाणी जड असेल तर टॉवेलवर रंग एकसारखा बसत नाही, ढग उमटतात. परीक्षा साधी आहे: नमुन्यात दर्शक टाकला की पाणी वाइनसारखं लालसर होतं, मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, रसायनाचे थेंब सोडायचे आणि रंग निळा होईपर्यंत मोजायचे. ताईच्या बोअरचं पाणी निळं व्हायचं नावच घेईना. शेवटी हिशेब आला लिटरमागे ७८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत योग्य धरतात, आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त ६०० चालवून घेतात.

हे पाणी तापलेल्या बॉनेटवर पडलं की थेंबातलं पाणी उडून जातं आणि त्यातला चुना जागेवर राहतो. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच हा. थेंबाच्या कडेला तो जास्त साठतो, म्हणून ठशाची कड पांढरी. वरचेवर ऊन लागत राहिलं की हा थर लाखेला चिकटत जातो आणि खाली खळगा पडतो. चुना विरघळवता येतो. खळगा विरघळत नाही.

जाळीचं कोडं मात्र मला घरात जाऊन सुटलं. दाजींना विचारलं, गाडी पुसता कशानं? ते आतून टॉवेल घेऊन आले. पिवळा, काठाला दोन हिरव्या पट्ट्या. मी बघताक्षणी ओळखला. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आमच्या कारखान्यातला सेकंडचा, म्हणजे किरकोळ दोष राहिलेला, माल मी स्वतः त्यांना डझनभर आणून दिला होता. 'गाडी पुसायला, फरशी पुसायला होतील,' असं म्हणून दिला होता.

तो टॉवेल मी दोन्ही हातांत धरला तर तो पापडासारखा कडक. सोलापुरी टॉवेल हा मऊ असतो. आपल्या चादरीसारखंच टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालंय ते काही उगाच नाही. त्याच्या दोन्ही अंगांना सुताचे उभे फासे असतात, आम्ही त्याला पाइल म्हणतो, आणि पाणी शोषतं ते ह्या फाशांमुळे. पण तो बोअरच्या पाण्यात धुतला, उन्हात वाळवला, पुन्हा धुतला, की तोच चुना सुतात उतरत जातो. फासे ताठ होतात. ताठ फाशांत धुळीचे कण अडकून बसतात आणि झटकले तरी निघत नाहीत. मी टॉवेल पांढऱ्या कागदावर आपटला. कागदावर मुरमाचे लालसर कण पडले, बोटानं चिरडले तर कचकच वाजणारे. शाळेच्या आवारात मुरूम टाकलेला आहे. वर काठाची दुमडलेली शिलाई जाड पॉलिएस्टर दोऱ्याची, आणि त्या शिलाईत आमच्या कारखान्याचं लेबल.

दाजी रोज सकाळी सहाला ह्या टॉवेलनं गाडी कोरडी पुसत होते. रोज, तीन वर्षं. बायकोची गाडी चकाचक असावी म्हणून. त्यांना मी काय बोलणार होतो? टॉवेल मीच दिला होता. धूळ पुसायची म्हणजे ती कपड्यानं पत्र्यावरून ओढायची, आणि ओढली की ओरखडणारच, हे मला ठाऊक असून मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी सांगितलं.

डाग त्या पाण्यानं पडले होते आणि टॉवेल कडक झाला तोही त्याच पाण्यानं. माझ्या मते ह्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच. डागांवर आणि रेघांवर वेगवेगळे उपाय विकायला बसलेली माणसं पुष्कळ भेटतात. बोअरचं पाणी कुणी तपासत नाही.

पहिला रविवार: धुणं आणि चुना काढणं

कारखान्यातून सॉफ्टनरचं पाणी तीन कॅन भरून, साहेबांना विचारून, आणलं. ह्या पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम घालतो. म्हणजे डाग ह्याचेही पडतात, पण ते ओल्या फडक्यानं निघतात, चिकटून बसत नाहीत. शेवटच्या विसळणीला म्हणून बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन घेतला आणि झाडांवर फवारायच्या हातपंपात भरला. एवढ्यात एक छोटी गाडी विसळून होते.

सातला सुरुवात केली. गाडी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, सावलीत, पत्रा हाताला गार. आधी नुसतं पाणी मारून सुटी धूळ वाहू दिली. मग दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं, मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा प्रत्येक पॅनलनंतर नुसत्या पाण्यात खळखळून मगच शाम्पूत. टपापासून खाली, चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्यानं. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेला मुरूम दाजींना दाखवला. ते बराच वेळ बादलीत बघत होते.

चुन्यासाठी साधं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून. फडकं त्यात भिजवून बॉनेटच्या एका भागावर अंथरलं, मिनिट-दीड मिनिट थांबलो, उचललं आणि भरपूर पाण्यानं धुतलं. पुन्हा एकदा केलं. पांढऱ्या कडा गेल्या. हे सावलीतच करायचं आणि वाळू द्यायचं नाही. बाथरूमच्या फरशीचं अ‍ॅसिड वापरून 'एका मिनिटात डाग साफ' करणारी माणसं मी डोळ्यांनी बघितली आहेत. त्या अ‍ॅसिडनं क्रोम जातं, पत्रा उघडा असेल तिथे गंज धरतो. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. डिझेलचा हात फिरवून चमक आणतात तेही तसंच: चार दिवस तेलकट चमकतं आणि त्यावर धूळ बसते.

चुना गेल्यावर खाली खळगे किती उरलेत ते दिसलं. डिकीवर नाहीच, टपावर थोडे, बॉनेटवर बऱ्यापैकी. बॉनेट खालून इंजिननं आणि वरून उन्हानं तापतं, म्हणून तिथे जास्त.

खरखर काढायला क्ले. लहान मुलांच्या चिकणमातीसारखी वडी असते, तिचा निम्मा तुकडा घेऊन हातात मळून चपटा केला, पत्र्यावर शाम्पूचं पातळ पाणी फवारून हलकेच फिरवला. सुरुवातीला तुकडा अडखळतो, खर्रर्र असा आवाज येतो. चार-पाच फेऱ्यांनंतर आवाज थांबतो आणि तुकडा लोण्यावरून फिरल्यासारखा फिरतो. मग दुमडून नवी बाजू काढायची. डिकीच्या दारावर एक तुकडा माझ्या हातातून फरशीवर पडला. तो तिथेच टाकून दिला. तीस-चाळीस रुपयांचा तो तुकडा धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह होतो, पण फरशीवरचा एक खडा त्यात रुतला असेल तर सगळ्या पॅनलवर नांगर फिरतो.

दुपारी बाराला थांबलो. ताईनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी वाढली. गाडी अजून मळकटच दिसत होती, जाळी उलट जास्त ठळक. दाजींच्या चेहऱ्यावर ते दिसलं, पण ते बोलले नाहीत.

दुसरा रविवार: मशीन

मशीन ड्युअल अ‍ॅक्शन होतं, म्हणजे पॅड फिरतं आणि त्याच वेळी डगमगतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. घरी काम करणाऱ्यानं हेच वापरावं. ग्राइंडरसारखं नुसतं गोल फिरणारं मशीन आणि लोकरीचं पॅड हे रंगकाम करणाऱ्या मुरलेल्या हातांचं काम आहे. शिकाऊ हातात ते मिनिटभरात कडेचा थर जाळतं.

बॉनेटच्या कडा, रबर, दिव्यांच्या कडा, लोगो, सगळ्याला मास्किंग टेप. पत्रा जिथे दुमडतो तिथे रंग मुळातच पातळ बसतो.

मग बॉनेटवर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपनं आखला. आधी सगळ्यात सौम्य जोडी: मऊ फोमचं पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश. चार वाटाण्याएवढे थेंब, आधी हळू पसरवलं, मग वेग चारवर ठेवून आधी आडव्या, नंतर उभ्या ओळी, हात सावकाश, सेकंदाला एक इंच. चार फेऱ्या. पुसलं आणि लगेच पातळ आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुन्हा पुसलं. हे केलं नाही तर पॉलिशमधलं तेल रेघांत भरून राहतं, सगळं छान दिसतं आणि दोन धुण्यांनंतर जाळी परत वर येते. मोबाइलचा टॉर्च धरला. निम्मी जाळी शिल्लक. मग तेच पॉलिश, पण मध्यम पॅड. आता टॉर्चच्या उजेडात लाल रंग खोल दिसायला लागला, विहिरीत वाकून बघितल्यासारखा. चार-सहा खोल रेघा आणि पाण्याचे काही खळगे राहिले.

ह्यापुढे कंपाउंड, म्हणजे जास्त खरवडणारं भरड पॉलिश, होतं. पिशवीत आणलेलंही होतं. ते काढलं असतं तर राहिलेलंही बरंचसं गेलं असतं. दाजी म्हणाले, "अजून एक हात मारा की मेव्हणे, आलंच आहे हाताशी." मी नाही म्हटलं. ही गाडी अजून सात-आठ वर्षं उन्हात उभी राहणार आहे. उभं राहून बघणाऱ्याला जे दिसत नाही, टॉर्च लावून शोधावं लागतं, त्यापायी छत्रीचं कापड पातळ करायचं नाही. हा निर्णय आवडीचा आहे, कुणाचं मत वेगळं असेल. प्रदर्शनात न्यायची गाडी असती तर मीही वेगळं केलं असतं.

बॉनेट, टप, डिकी, उजवी बाजू ह्याच जोडीनं झाली. पॅड प्रत्येक पॅनलनंतर ब्रशनं साफ केलं. त्यावर पॉलिशचा पांढरट-करडा राप येत होता, रंग नाही. म्हणजे मी क्लिअर कोटवरच होतो.

डाव्या मागच्या दाराशी आलो. पहिली फेरी अर्धी झाली आणि पॅडच्या कडेला गुलाबी झाक दिसली. मशीन थांबवून पॅड उलटं केलं. मध्यभागी लालभडक.

पोटात गोळा आला. मी जागच्या जागी उभा राहिलो. ताई जिन्यात बसून बघत होती, ती उठून आली. मनात एकच: थर फोडला. यंत्र पुन्हा लावलं, २३३. म्हणजे आधीच्या आकड्यात काहीच म्हणावा असा फरक नाही, दोन मायक्रॉन इकडे-तिकडे यंत्रही चुकतं. मग समजलं. ह्या दारावर क्लिअर कोट नव्हताच. ज्यानं दार रंगवलं त्यानं रंग आणि चकाकी एकाच थरात मारली होती, जुन्या काळी सगळ्याच गाड्यांना मारायचे तशी. असा रंग घासला की रंगच पॅडवर येतो, त्यात बिघडलेलं काही नसतं. पण असा थर उन्हानं लवकर विटतो, आणि दुकानातला रंग कारखान्याच्या भट्टीतून निघालेल्या रंगापेक्षा बहुधा मऊ असतो.

ते पॅड बाजूला टाकलं, दुसरं मऊ पॅड लावलं, मशीन न वापरता हातानंच दोन फेऱ्या मारून दार सोडून दिलं. लाल लागलेलं पॅड बाकी गाडीवर पुन्हा वापरलं नाही. आकडे पहिल्याच दिवशी २३५ दाखवत होते. त्याच दिवशी दाराच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर पॉलिश घेऊन घासून बघायला हवं होतं. आता मी रंगवलेल्या प्रत्येक पॅनलवर आधी ते करतो.

मडगार्डचा ओरखडा पॉलिश केला नाही. नख अडकतं तो ओरखडा लाखेच्या पार गेलेला असतो. कंपनीच्या रंगक्रमांकाचा टचअप घेतला, टूथपिकच्या टोकानं प्रायमर दिसतो तिथे थेंब सोडला, वाळल्यावर दुसरा. जवळून दिसतो. गंज धरणार नाही, एवढंच त्याचं काम. टपावरचे पक्ष्यांचे तीन खळगेही तसेच ठेवले, कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

वर काय लावलं

सिरॅमिक कोटिंगबद्दल दाजींनी विचारलं. मी नको म्हटलं. उघड्या पार्किंगमध्ये, जानेवारीच्या वाऱ्यात ते लावताना धूळ बसली की ती आतच राहते, आणि नंतर दिवसभर तरी पाण्यापासून जपावं लागतं. शिवाय कोटिंगवरही बोअरच्या पाण्याचे डाग पडतात आणि मुरमानं तेही ओरखडतं. त्याची जाडी मायक्रॉनच्या आसपासच असते. कार्नोबा मेण मला फार आवडतं. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून निघणारं हे मेण लाल रंगावर जी ऊब आणतं ती दुसऱ्या कशात नाही. पण मे महिन्यात ४२-४३ अंशांत शाळेच्या आवारात उभ्या गाडीवर ते फार टिकत नाही. म्हणून कृत्रिम पेस्ट सीलंट, म्हणजे मेणाच्या जागी लावायचा संरक्षक थर, अगदी पातळ हात, वाळल्यावर पुसला, संध्याकाळी दुसरा हात.

सगळा वेळ मिळून अकरा तास. मशीन आणि मोजणी यंत्र मागून आणलेलं. शाम्पू, क्ले, पॉलिश, दोन पॅड, सीलंट, सहा मायक्रोफायबर आणि डिस्टिल्ड पाणी मिळून साडेचार हजारांच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गाडी काढायला खाली आली तेव्हा ऊन बॉनेटवर आलं होतं. तिनं मला फोटो पाठवला. फोटोत समोरच्या इमारतीच्या खिडक्या आणि गजही स्पष्ट मोजता येत होते.

नंतर

रोजचं कोरडं पुसणं बंद झालं. दाजींना ते जड गेलं. धुळकट गाडी बायकोला चालवायला द्यायची त्यांना लाज वाटायची. आता धूळ आठवडाभर राहते, रविवारी सकाळी दोन बादल्या. बोअरचंच पाणी, पण पत्रा गार असताना, पॅनल पॅनल करत, वाळायच्या आत मायक्रोफायबरनं टिपून, शेवटी लिटरभर डिस्टिल्ड पाण्याचा फवारा. मायक्रोफायबर वेगळे धुतात, सुती कपड्यांत नाही, कंडिशनर नाही, सावलीत वाळवतात.

एप्रिलमध्ये एकदा गडबड झाली. शाळेतल्या मोठ्या वर्गाच्या मुलांनी बाईंना चकित करायचं म्हणून भर दुपारी शाळेच्या बोअरवर गाडी धुतली. ताईला त्यांना रागवायचं धैर्य झालं नाही. तिनं त्यांना चिक्की दिली. बॉनेटभर ठसे. पण त्याच संध्याकाळी व्हिनेगरचं फडकं फिरवलं आणि सगळे निघाले, कारण चुना अजून खळगा पाडण्याइतका बसला नव्हता आणि मध्ये सीलंट होतं. त्यानंतर सीलंटचा एक हात पुन्हा दिला.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा टपावरचं पाणी गोल थेंबांनी घरंगळत होतं, डाव्या मागच्या दारावर मात्र पसरून बसत होतं. दिवाळीला त्या दारावर वेगळा हात द्यायचा आहे.

गाडी विकायची गोष्ट निघाली नाही. पिवळे टॉवेल मी परत मागितले होते. दाजींनी दिले नाहीत. ते आता चाकांसाठी ठेवलेत. चुकून गाडीला लागू नयेत म्हणून ताईनं प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातलाय, आणि पार्किंगच्या खांबाला त्यांचा वेगळा खिळा आहे.